ऑगस्टमध्ये केनिया, सोबत लहान मुलगा आणि सासूबाई – मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का?

मुग्धा_ठाणे:
नमस्कार मंडळी, ऑगस्टच्या शेवटी प्राण्यांचं मायग्रेशन (स्थलांतर) बघायला केनियाला चाललोय. आम्ही दोघं, 6 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 67, बीपीची गोळी चालू). नाकुरू, मग मसाई मारा आणि शेवटी मोम्बासाला समुद्र. टूरवाले म्हणाले यलो फीव्हरची लस घ्या, मलेरियाचं विचारलं तर म्हणे "अहो मॅडम तुम्ही ठाण्यात राहता, तुम्हाला कसला मलेरिया, अंगाला ओडोमॉस चोपडा बस." नवऱ्यालाही हेच पटतंय, गोळ्यांचा खर्च वाचतो ना 😒 सोसायटीतल्या काकू तर म्हणाल्या ती लस घेतली की मलेरियाही होत नाही. नक्की काय करू? मुलाला चालतात का गोळ्या?

भटक्या_पक्या:
आम्ही मागे जाऊन आलो, कोणीच काही घेतलं नव्हतं, सगळे ठणठणीत. माराला रात्री एवढी थंडी असते की डास काय, माणूसही तंबूबाहेर पडत नाही. उगाच टेन्शन घेऊ नका ताई, कॅमेऱ्याच्या एक्स्ट्रा बॅटऱ्या घ्या.

डॉ_रानवेडा:
पक्याभाऊ, तुम्हाला झाला नाही याचा आनंद आहे पण त्यावरून दुसऱ्याच्या 6 वर्षांच्या पोराचा निर्णय नका घेऊ.

मुग्धाताई, आधी काकूंचं. यलो फीव्हर हा व्हायरस, मलेरिया हा परजीवी, डासही वेगळे, त्या लसीचा मलेरियाशी काडीचा संबंध नाही. लस लागते ती मुख्यतः परत येताना आपल्याच एअरपोर्टवर, सर्टिफिकेट नसेल तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. सर्टिफिकेट लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य ठराविक केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट आत्ताच घ्या. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर साइड इफेक्टचा धोका थोडा जास्त असतो, होतं क्वचितच, पण सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय थेट रांगेत उभं करू नका. कुणाला अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

आता ठाण्याच्या इम्युनिटीबद्दल. ती अशी राहण्याने येत नाही हो. जिथे माणसाला लहानपणापासून पुन्हापुन्हा मलेरिया होतो तिथे थोडीफार येते आणि ती माणसंसुद्धा काही वर्षं बाहेर राहिली की ती ओसरते. तुमच्या मुलाला तर शून्य. शिवाय केनियात बहुतेक केसेस फाल्सिपेरमच्या, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा तो. तेव्हा गोळ्या घ्याच, असं माझं स्पष्ट मत.

कुठल्या ते तुमचे डॉक्टर ठरवतील पण कल्पना देतो. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघायच्या 1-2 दिवस आधी सुरू, तिथे रोज, आल्यावर आणखी 7 दिवस, मुलांना वजनावर डोस. आपल्याकडे प्रत्येक केमिस्टकडे मिळेल असं नाही, लवकर शोधा. डॉक्सीसायक्लिन स्वस्त पण 8 वर्षांखाली देत नाही म्हणजे मुलाला बाद, आणि मोठ्यांनाही त्यावर उन्हाने त्वचा भाजते, आल्यावर 4 आठवडे चालू ठेवावी लागते ते वेगळंच. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निदान 2 आठवडे आधीपासून, ही पण परत आल्यावर 4 आठवडे. काहींना भयंकर स्वप्नं पडतात, डिप्रेशन किंवा फिट्सची हिस्टरी असेल तर नकोच, सासूबाईंची बीपीची गोळी बीटा ब्लॉकर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि घरातल्या ड्रॉवरमधलं जुनं क्लोरोक्विन नेऊ नका, तिथल्या फाल्सिपेरमवर ते चालत नाही.

नैरोबीकर:
इथेच राहतो म्हणून लिहितोय. माराला थंडी असते हे पक्याभाऊंचं खरं, उंची साधारण दीड हजार मीटर, पण डास संपत नाहीत तेवढ्याने. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो म्हणजे नेमकं तुम्ही शेकोटीपाशी गप्पा मारत बसता तेव्हा. त्या वेळी फुल बाह्या, मोजे, आणि उघड्या कातडीवर 20 ते 30 टक्के डीईईटीवाला (डास दूर ठेवणारं रसायन) स्प्रे. आधी सनस्क्रीन, वर स्प्रे, उलटं नाही. मुलाच्या तळहातांना लावू नका, पोरं डोळे चोळतात. जेवायला गेलात की कॅम्पवाले मच्छरदाणी सोडून ठेवतात, झोपताना कडा गादीखाली नीट खोचल्यात का ते स्वतः बघा.

खरी काळजी मोम्बासाची. किनाऱ्यावर मलेरिया जास्त, वर डेंग्यू चिकुनगुनियाही, आणि ते डास दिवसाढवळ्या चावतात. बीचवर दुपारी सगळे चड्डीवर असतात आणि स्प्रे खोलीत, म्हणून सांगतोय. डेंग्यूवर गोळी नाही, न चावून घेणं एवढंच हातात. आणि हो, गडद निळे, काळे कपडे नेऊ नका, त्से त्से माश्या त्या रंगांवर येतात आणि जीन्समधूनही चावतात, स्प्रेला फारशा जुमानत नाहीत. खाकी, फिकट हिरवं न्या.

मुग्धा_ठाणे:
बापरे, नवऱ्याची अख्खी बॅग नेव्ही ब्लू आहे 😀 डॉक्टर, एक शेवटचं, नणंद म्हणतेय होमिओपॅथीच्या गोळ्या देते, साइड इफेक्ट नाही. आणि आल्यावर ताप आला तर किती दिवस थांबायचं?

डॉ_रानवेडा:
होमिओपॅथीवर मलेरिया थांबतो याला पुरावा नाही, नणंदेचं मन राखायला घ्यायच्या तर खऱ्या गोळ्यांच्या जोडीला घ्या, त्यांच्या जागी नको.

तापात थांबायचं अजिबात नाही. गोळ्या घेऊनही क्वचित होतो. चावल्यावर निदान आठवडा जातो, कधी महिना, कधी त्याहून जास्त. तुम्ही परत याल तेव्हा इथे पावसाळा, घरोघरी ताप, फॅमिली डॉक्टर व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देऊन पाठवतील. "आम्ही आफ्रिकेतून आलोय" हे वाक्य आधी, बाकी लक्षणं नंतर, आणि त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट. निगेटिव्ह आली आणि ताप तसाच राहिला तर पुन्हा करायची. टेस्ट होईपर्यंत ब्रूफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. लहान मुलात फाल्सिपेरम दिवसभरात बिघडू शकतो, सोमवारपर्यंत बघू म्हणायचं नाही.

भटक्या_पक्या:
डॉक्टर, आम्हाला येऊन चार महिने झाले, मग आता ताप आला तरी सांगायचं का?

डॉ_रानवेडा:
हो. वर्षभर सांगायचं.