मुलांच्या सायकल-हेल्मेटसाठी कायद्याची मागणी करावी काय?

प्रश्न (एक पालक, त्रिमूर्तीनगर):
जूनअखेरीस शाळा उघडल्या की आमच्या वस्तीतील मुले पुन्हा सायकलने रिंगरोड ओलांडू लागतील. मागील वर्षी शेजारचा सहावीतला मुलगा सिमेंट रस्त्याच्या उंच कडेवरून घसरून पडला आणि त्याच्या कपाळाला टाके पडले. तेव्हापासून, चौदा वर्षांखालील मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचे करावे, असे निवेदन आमदारांना देण्याचा आम्हा काही पालकांचा विचार आहे. असा कायदा आधीच आहे काय? नसल्यास लोक त्याला पाठिंबा देतील काय?

उत्तर (वकील, सिव्हिल लाइन्स):
नाही. मोटार वाहन कायद्याचे हेल्मेटसक्तीचे कलम १२९ मोटारसायकलपुरते आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते चार वर्षांवरील प्रत्येकाला लागू झाले, परंतु सायकल हे मोटार वाहनच नव्हे. गंमत अशी की, २०२२ मध्ये बदललेल्या केंद्रीय नियमानुसार मोटारसायकलवर मागे बसलेल्या चार वर्षांखालील मुलाला सायकलचे हेल्मेट चालते. सायकलवर मात्र ते घाला, असे कोणताही केंद्रीय नियम म्हणत नाही. निवेदनात दंड कोणाला व्हावा, हेही लिहा, नाहीतर पहिला आक्षेप तोच येईल.

उत्तर (शिक्षिका, धरमपेठ):
पाठिंबा मिळवायचा तर अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या हॉवर्ड काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) उदाहरण बोलके आहे. तेथे १९९० मध्ये मुलांसाठी असा कायदा झाला आणि हेल्मेट वापरतो म्हणणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. शेजारच्या माँटगोमेरी काउंटीत केवळ प्रबोधन झाले, तेथे ते ८ वरून १३ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. प्रबोधन पुरेसे आहे, असे म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवावेत. तरीही कायद्यानंतर निम्म्याहून अधिक मुले हेल्मेटविनाच होती, हेही लपवू नये.

उत्तर (सायकल दुरुस्ती करणारा, सक्करदरा):
माझा विरोध हेल्मेटला नाही, चालानला आहे. माझ्याकडे पंक्चर काढायला येणारी बहुतेक मुले हौसेने नव्हे, तर ऑटोचे भाडे परवडत नाही म्हणून सायकल चालवतात. अमेरिकेतील सिएटल शहर ज्या किंग काउंटीत आहे, तेथे सर्व वयांसाठी असलेली सक्ती २०२२ मध्ये रद्द झाली, कारण दंडाचा भार बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर अधिक पडत होता. शिवाय वडिलांचे मोटारसायकलचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर डुगडुगते, त्याचा उपयोग नाही. भुवयांच्या वर दोन बोटे बसणारे आणि पट्टा आवळल्यावर न हलणारे हेल्मेट हवे, आणि एकदा जोरात आपटले की आतला फोम दबतो, त्यामुळे ते बदलावेच लागते. हा खर्च कोण करणार?

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. निवेदनात आता दोन वाक्ये बदलतो: पहिली दोन वर्षे दंड नको, केवळ पालकांना समज द्यावी; आणि शाळेतून मिळणाऱ्या सायकलीबरोबरच मापाचे हेल्मेट द्यावे. सक्करदऱ्याच्या दादांनी मापाची पद्धत एका रविवारी आमच्या वस्तीत येऊन दाखवली, तर फार बरे होईल.