ग्रेट डेन दत्तक घ्यायचाय, पण दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, आधीच माफी मागते. रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय आणि घरात चार माणसांची पाच मतं आहेत.

आमचा चिकू जाऊन सव्वा वर्ष झालं. गावठी, अठरा किलोचा, चौदा वर्षं काढली त्याने आमच्याकडे. तो गेल्यावर "आता परत नाही" असं बाबांनी (सासरे, वय ७३, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं) जाहीर केलं होतं. आणि गेल्या महिन्यात त्यांनीच मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाखवला. पांढऱ्यावर काळे डाग असलेला ग्रेट डेन. नर, डॉक्टरांच्या अंदाजाने पाच वर्षांचा. हायवेलगतच्या एका बंद ढाब्यामागे सापडला. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा होता, म्हणजे कुणीतरी गाडीत घालून आणून सोडलेला. तेव्हा वजन ३९ किलो. या जातीचा नर साठ ते ऐंशी किलोच्या घरात असतो, यावरून काय अवस्था असेल ते बघा. गोचिडताप झाला होता, प्लेटलेट ६० हजारांच्या आसपास उतरल्या होत्या. २८ दिवसांचा डॉक्सीचा (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) कोर्स झाला, आता रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि वजन ५१ वर आलंय.

चार महिने तो लोहगावला एका ताईंच्या घरी फॉस्टरला (कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता) आहे. ताईंनी नाव ठेवलंय बाजीराव.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा बाबा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. हा आला, त्यांचा हात हुंगला, मग पाठ फिरवली आणि मागचा भाग सरळ बाबांच्या मांडीवर टेकवून बसला. पुढचे पाय जमिनीवर, मान ताठ, एसटीत खिडकीची जागा मिळालेल्या माणसासारखा. बाबा ऑपरेशनचा गुडघा विसरून वीस मिनिटं जागचे हलले नाहीत. येताना गाडीत कुणी बोलेना. कर्वेनगर आल्यावर बाबा म्हणाले, "नाव बदलायला नको. बाजीरावच राहू दे."

आता अडचणी.

सगळ्यात मोठी म्हणजे जिना. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. ३८ पायऱ्या. बाजीरावच्या एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे सैल आलेत, हिप डिस्प्लेसिया. डावीकडे जास्त. सपाट जमिनीवर चालतो मजेत, पण ताईंच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, सशासारखे. दिवसातून तीनदा त्याला खाली न्यायचं. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, दुपारी घरी फक्त बाबा. उद्या तो जिन्यात बसला तर ५१ किलो उचलणार कोण?

दुसरी गोष्ट ताईंनी स्वतःहून सांगितली, त्याबद्दल त्यांचे आभारच. खाताना भांड्याजवळ कुणी गेलं तर गुरगुरतो. चावलेला नाही. पण आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, आणि चिकूच्या ताटलीत हात घालून पोळीचा तुकडा काढून घेण्याची त्याला सवय होती.

सोसायटीच्या चेअरमननी ऐकल्याऐकल्याच "एवढा मोठा कुत्रा चालणार नाही, मीटिंगमध्ये ठराव करू" असं सांगितलंय. खर्चाचं म्हणाल तर हिशोब केलाय: दिवसाला सहाशे ग्रॅम कोरडं खाणं धरलं तर १५ किलोची गोणी २५ दिवसांत संपते. ते झेपेल. गणपतीत गावी जाताना काय करायचं हे माहीत नाही.

मोठा कुत्रा वरच्या मजल्यावर सांभाळलेल्यांनी प्लीज लिहा. "किती गोड, घेऊन टाका" असे प्रतिसाद नकोत, ते आमच्या घरात भरपूर आहेत.

ताकभात:
आमच्याकडे ग्रेट डेन होती, नऊ वर्षं जगली. या जातीला तेवढं आयुष्य म्हणजे बरंच. पाच वर्षांचा घेताय म्हणजे तो उतारवयाकडे निघालेला आहे, हे धरून चला. चिकूसारखी चौदा वर्षं मिळणार नाहीत.

एक महत्त्वाचं. पोट फुगणं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठर हवेने फुगून पीळ बसतो आणि काही तासांत जीव जातो. ओकारी काढायचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, लाळ गळते, पोट ताणल्यासारखं होतं, एका जागी बसत नाही. असं दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. रात्री उघडं असणारं, ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल कुठलं ते कुत्रा घरी यायच्या आधी शोधून ठेवा. एकदम ढीगभर खायला न घालता दोन-तीन वेळा विभागून द्या, आणि खाण्याच्या आगेमागे तासभर पळापळ नको.

त्याची नसबंदी झालीय का? नसेल तर त्याच भुलीत जठर आतून पोटाच्या भिंतीला टाके घालून अडकवून घेता येतं. मग फुगलं तरी पीळ सहसा बसत नाही. डॉक्टरांना विचारा.

ओसरी:
गुरगुरण्याबद्दल लिहिते. ज्याने उपाशी दिवस काढलेत तो भांडं राखणारच. त्यावरून त्याला ओरडू नका, मारू तर नकाच. गुरगुरणं हा त्याचा इशारा आहे. तो दाबून टाकलात तर पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतील. वेगळ्या खोलीत, दार लावून खायला द्यायचं, संपलं की दार उघडायचं. काही आठवड्यांनी लांबून चालत जाताना भांड्याच्या दिशेने चिकनचा तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. माणूस जवळ आला की काहीतरी मिळतं, जात नाही, हे त्याच्या डोक्यात बसायला हवं. हे मोठ्या माणसांनी करायचं, मुलाने अजिबात नाही. नऊ वर्षांच्या मुलाला नियम कळतो, पण मित्र घरी आले की विसरतो. खरं उत्तर द्या: तुमच्या घरात दार लावण्याची शिस्त रोज पाळली जाईल?

आणि पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हे रेस्क्यूवाल्यांचं गणित लक्षात ठेवा. तीन दिवस नुसता भेदरलेला, तीन आठवड्यांत वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांनी खरा स्वभाव दिसतो. चार महिने ताईंकडे जो दिसला तो ताईंच्या घरातला बाजीराव आहे.

दुपारची_झोप:
चेअरमनसाठी: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि आकार किंवा जात हे कारणही चालत नाही. त्याची प्रत काढून ठेवा, पण पहिल्या भेटीत तोंडावर मारू नका. आधी खालच्या मजल्यावरच्या लोकांकडे जा, कारण रात्री बारा वाजता पन्नास किलोचं धूड लादीवर बसल्याचा आवाज त्यांना येणार आहे. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्ड तयार ठेवलं की निम्मी तोंडं बंद होतात.

जिन्याबद्दल मात्र मी उलट सांगेन. आमच्या लॅब्राडॉरचे खुबे गेले तेव्हा पोटाखालून आंघोळीचा टॉवेल घालून, दोन्ही टोकं वर धरून मागचा भाग उचलत उतरवायचो. तो ३२ किलोचा होता आणि आम्ही पहिल्या मजल्यावर. सहा महिन्यांत माझी कंबर गेली. निर्णय घेण्याआधी त्याला एकदा तुमच्या जिन्यावर चालवून बघा. फोटो बघून किंवा अंगणात भेटून हे कळणार नाही. आणि चढणं नाही, उतरणं बघा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. नसबंदी व्हायची आहे, ताकभात यांनी सांगितलेलं ताईंना कळवलं. त्यांनाही पटलं, डॉक्टरांशी बोलतायत.

शनिवारी ताई त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. चढताना ठीक होता. पहिल्या मजल्यावर दम खाल्ला, जोश्यांच्या पायपुसण्यावर बसला, जोशीकाकूंनी दार उघडलं तर त्यांची आणि बाजीरावची नाकं जवळजवळ एका पातळीत. त्या किंचाळल्या नाहीत, "अगं बाई, घोडा!" एवढंच म्हणाल्या. घरात आल्यावर गुळगुळीत लादीवर मागचे पाय फाकायला लागले म्हणून मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या चटया आणि मुलाची योगा मॅट अंथरली. तो मॅटवरून मॅटवर उड्या मारल्यासारखा चालत हॉलभर फिरला आणि शेवटी बाबांचा पलंग गाठला.

उतरताना दुसऱ्याच पायरीवर थांबला. पुढचे पाय खालच्या पायरीवर, मागचे वर, आणि अंग थरथरतंय. बिस्किट दाखवलं, चिकन दाखवलं, बघेना. टॉवेल घातला. नवऱ्याने मागून उचललं, ताई पुढून पट्टा धरून बोलत होत्या, मी प्रत्येक पायरीवर त्याचा पुढचा पंजा उचलून खाली ठेवत होते. ३८ पायऱ्यांना पाऊण तास लागला. खाली पोचल्यावर नवरा गेटपाशी कट्ट्यावर बसला, त्याला उठवेना. बाजीरावही त्याच्याशेजारी तसाच बसला. हे दिवसातून तीनदा, त्यातलं दुपारचं बाबांनी करायचं?

बाबा वरून गॅलरीतून बघत होते. मी वर गेल्यावर त्यांनीच म्हटलं, "नको. त्याचे हाल होतील." ताईंना रात्री फोन करून नाही सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, याआधी एका घराने त्याला हो म्हटलं होतं आणि अकराव्या दिवशी परत आणून सोडलं, त्यापेक्षा हे बरं.

त्यामुळे आता या धाग्याचा प्रश्न बदलतेय. बाजीरावसाठी तळमजल्यावरचं किंवा लिफ्ट असलेलं घर हवंय, पुणे किंवा आसपास. लहान मूल नको, दिवसा कुणीतरी घरी असावं, मोठ्या जातीचा अनुभव असेल तर उत्तम. लसी पूर्ण, रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे देणार. फटाक्यांना घाबरतो, तेव्हा दिवाळीआधी नेणार असाल तर त्याची तयारी ठेवा. नसबंदीचा आणि जठराच्या टाक्यांचा खर्च आम्ही करतोय, ते नवीन घरावर पडणार नाही. घरी येऊन पाहणी होईल, फॉर्म भरावा लागेल, आणि पंधरा दिवस आधी फॉस्टर म्हणून ठेवून मग कागद होतील. कुणी असेल तर व्यनि करा, ताईंचा नंबर देते.

आणि हो, बाबांना रविवारी लोहगावला सोडायला आणि आणायला कुणी त्या बाजूला जाणारं असेल तर तेही सांगा. नवऱ्याची कंबर अजून धरलेली आहे.