औटघटकेतला औट
कुणीतरी म्हटलंय की ‘औटघटकेचं राज्य’, म्हणजे थोडाच वेळ टिकणारं राज्य, यातला औट म्हणजे क्रिकेटमधला आऊट, गेला आणि संपला. भारी आहे पण नाही हो, औट म्हणजे साडेतीन. संस्कृत अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धाच, त्याचं प्राकृतात अद्धुट्ठ आणि मग घासत घासत औट. आमचे आजोबा पंचवटीतल्या ओट्यावर बसून औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायचे, दोनाचे सात, तिनाचे साडेदहा, आम्ही पावकीतच, म्हणजे पावच्या पाढ्यातच, गारद. घटका २४ मिनिटांची, म्हणजे औटघटकेचं राज्य बरोबर ८४ मिनिटं, नाशिकहून वणीला गाडीने जाईपर्यंत खलास! आणि गंमत बघा, देवीच्या साडेतीन शक्तिपीठांतलं ते अर्धं पीठही आमच्याच सप्तशृंगीचं.