ईबीआर 1190 आरएक्स: बंद पडलेल्या कारखान्याची बाईक घ्यावी की नाही

व्ही_ट्विन (शिकागो)
परवा 'साधा_विचार' यांनी लिहिलं की बंद पडलेल्या कंपनीची बाईक म्हणजे दिवाणखान्यात ठेवायची मूर्ती, अक्कल असेल तर जपानी घ्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी ईबीआर, म्हणजे एरिक ब्यूएल रेसिंग, या अमेरिकन कंपनीची 2014 ची 1190 आरएक्स घेतोय. 3,100 मैल चाललेली, मालक साडेनऊ हजार डॉलर सांगतोय. नवी होती तेव्हा 18,995. पण स्वस्त मिळते म्हणून मी भुललेलो नाही. एरिक ब्यूएल या माणसाने 1983 पासून एकच ध्यास घेतला: वजन मध्यभागी आणा, चाकं हलकी करा, फ्रेम जराही पिळू देऊ नका. त्यापायी पेट्रोल फ्रेमच्या पोटात, सायलेन्सर इंजिनाखाली आणि पुढची डिस्क थेट रिमला. ब्रेकचा जोर हब आणि स्पोकमधून जातच नाही, म्हणून स्पोक बारीक ठेवता येतात. डिस्क एकच, कॅलिपर एकच.

शनिवारी मालकाच्या गॅरेजात गाडी स्टँडवर होती. मी गुडघ्यावर बसलो आणि पुढचं चाक एका बोटाने ढकललं. फिरतच राहिलं. 386 मिलिमीटरची डिस्क रिमला लागून फिरतेय आणि आत जवळजवळ नुसती हवा. अशी गाडी दुसरीकडे कुठे मिळते, दाखवा. हिला मूर्ती म्हणायला जीभ कशी रेटते?

साधा_विचार (डेट्रॉइट)
रेटते, कारण मी भोगलंय. आधी हिशोब ऐका. ऑक्टोबर 2009 मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ब्यूएलची आधीची कंपनी बंद केली. एप्रिल 2015 मध्ये त्यांची नवी कंपनी ईबीआर बंद, डोक्यावर सुमारे दोन कोटी डॉलरचं कर्ज. नव्या मालकाने 2016 ला कारखाना पुन्हा चालू केला आणि जानेवारी 2017 मध्ये परत गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आठ वर्षांत तीनदा. चौथ्यांदा काय होईल ते मला विचारू नका.

माझ्याकडे युरोपातल्या एका छोट्या कारखान्याची बाईक होती. नाव घेत नाही. जूनमध्ये मीटर मेला. पार्ट आला नोव्हेंबरात. तोवर दारात बर्फ. अख्खा उन्हाळा मी रोज गॅरेजचं दार उघडायचो, कव्हर बाजूला करून बघायचो आणि कार घेऊन कामाला जायचो. शेवटी बायको म्हणाली, विकून टाका, तुमचा चेहरा बघवत नाही. त्या रिमवरच्या डिस्कला तडा गेला तर तुम्ही कोणाचं दार ठोठावणार?

उद्यमनगर
आमच्याकडे कोल्हापुरात येझदी अजून पळतात. म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला. वडिलांची रोडकिंग आज माझ्याकडे आहे. जे मिळत नाही ते उद्यमनगरात लेथवर बनवून घेतो. आमचे मिस्त्री क्लचचा आवाज ऐकून कुठली प्लेट गेलीय ते सांगतात. कंपनी गेली म्हणून गाडी मरत नाही. तिच्या पाठीशी माणसं लागतात. व्ही_ट्विन, घ्या बिनधास्त.

साधा_विचार
दादा, येझदीत कॉम्प्युटर नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लेथवर बनत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलचा सेन्सर गेला तर तुमचे मिस्त्री आवाज ऐकून काय करतील? आणि शिकागोत उद्यमनगर नाही. इथे मेकॅनिकचा तासाचा दर ऐकलात तर येझदी विकाल.

उद्यमनगर
येझदी विकण्याचं बोलू नका. मस्करीतही नाही.

चाकणवाला
मूळ दुखणं कोणी बोलतच नाहीये. ईबीआरला हिरोने बुडवलं. जुलै 2013 मध्ये अडीच कोटी डॉलर देऊन 49.2 टक्के वाटा घेतला आणि दोन वर्षं व्हायच्या आत कारखान्याला कुलूप. हेच बजाजने कसं केलं बघा. 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्क्यांनी सुरुवात, मग हळूहळू वाढवत नेलं, त्यांची ड्यूक बाईक आमच्या चाकणला बनवून जगभर पाठवली. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या दारात गेली तेव्हा पैसा घेऊन कोण उभं राहिलं? भागीदारी याला म्हणतात.

करिझ्मा_2003
पुण्याचा अभिमान पुण्यात ठेवा. डिसेंबर 2010 मध्ये होंडा बाजूला झाली तेव्हा हिरोकडे स्वतःचं इंजिन बनवणारी माणसं किती होती? त्यांना इंजिनिअर हवे होते, म्हणून ते ईस्ट ट्रॉयला, ईबीआरच्या कारखान्यात गेले. पैसा दिला, जागतिक सुपरबाइक स्पर्धेत टीमवर स्वतःचं नाव लावलं. टीम मागच्या रांगेत राहिली यात हिरोचा दोष काय? उलट कारखाना बुडाल्यावर आपल्या प्रोजेक्टचं काम सोडवून घ्यायला आणखी 28 लाख डॉलर मोजावे लागले. फसवणूक झालीच असेल तर हिरोची झाली.

चाकणवाला
मग त्या पैशातून निघालं काय? 2014 च्या ऑटो एक्स्पोत एचएक्स 250आर दाखवली, ती रस्त्यावर कधी आलीच नाही. आणि त्याच वर्षीची नवी करिझ्मा! तुमचं टोपणनावच करिझ्मा आहे, तुम्हीच सांगा, ते तोंड बघवत होतं?

करिझ्मा_2003
नव्हतं बघवत. हे लिहिताना जिवावर येतंय, पण नव्हतं. माझी पहिली करिझ्मा पिवळी होती. तिच्यावर मी सोलापूरहून पुण्याला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो. भिगवणच्या अलीकडे पाऊस लागला, कागदपत्रं शर्टाच्या आत, पोटाशी धरलेली. नोकरी मिळाली. 2014 ची शोरूमला बघायला गेलो आणि पाच मिनिटांत बाहेर आलो. पण म्हणून हिरोने कारखाना बुडवला, हे मी मान्य करणार नाही. हिरोचा पैसा नसता तर आरएक्स बाजारातच आली नसती.

चाकणवाला
बाजारात आणून वाऱ्यावर सोडली. 2009 ला ब्यूएलचा गळा घोटला तो हार्लेने, आणि 2020 मध्ये तुमच्या हिरोने त्याच हार्लेशी हात मिळवला, 2023 ला एक्स440 काढली. जरा तरी आठवण ठेवायची होती.

करिझ्मा_2003
धंदा आहे तो, भाऊबंदकी नाही. तुम्ही बजाजचे पगारी आहात का?

चाकणवाला
अकरा वर्षं चाकणमध्ये व्हेंडरकडे शिफ्टमध्ये उभा राहिलोय. पगार घामाचा होता. शब्द जपून वापरा.

मिलवॉकीची_निशा
दोघंही थांबा. मी एवढा वेळ वाचतेय. "बुडवली", "कुलूप" एवढं सहज लिहिताय. 2015 ला ईस्ट ट्रॉयमध्ये 126 माणसांची नोकरी गेली. त्यांचं नाव कोणीच घेतलं नाही. माझे बाबा लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडली त्यानंतर कितीतरी दिवस ते सकाळी त्याच वेळी उठून दाढी करायचे आणि खिडकीशी बसायचे. आईने डबा भरणं बंद केलं नाही, बाबा तो दुपारी घरीच खायचे. कारखाना बंद पडतो तेव्हा घरात काय होतं हे मी पाहिलंय. व्ही_ट्विन, तुम्ही ती गाडी घ्या. त्या हातांनी जे बनवलं ते रस्त्यावर चालताना दिसू दे.

करिझ्मा_2003
चाकणवाले, पगारी म्हणालो ते परत घेतो. बाकीचं नाही.

साधा_विचार
ताई, तुमचं बरोबर आहे, पण भावनेवर ब्रेक लागत नाही. ब्रेकला पॅड लागतात. आणि व्ही_ट्विन, ती गाडी पूर्णपणे अमेरिकन म्हणून मिरवू नका. तिचं दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन इंजिन मुळात ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने ब्यूएलसाठी बनवलेलं.

व्ही_ट्विन
अमेरिकन म्हणून नाही, ब्यूएलची म्हणून घेतोय. आणि पॅडचं म्हणाल तर तुमच्या हिशोबात 2017 नंतरचं पान कोरंच आहे. ज्यांनी लिलावात ईबीआरचं सगळं विकत घेतलं त्यांचा कारभार मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये आहे, तुमच्याच राज्यात. 2021 पासून ते ब्यूएल नावाने पुन्हा गाड्या बनवताहेत. त्यांची हॅमरहेड म्हणजे मूळची ही आरएक्सच: तेच 1190 इंजिन, तीच 185 अश्वशक्ती, तीच रिमवरची डिस्क. सांगा, मी अनाथ गाडी घेतोय का?

साधा_विचार
हॅमरहेडचं माझ्या ध्यानात नव्हतं. बरं, मूर्ती हा शब्द मागे घेतो. अक्कल हा शब्द अजून ठेवतोय. पैसे द्यायच्या आधी ग्रँड रॅपिड्सला फोन करा. "पार्ट मिळतात का" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. पुढची डिस्क, पॅड आणि ईसीयू 2014 च्या गाडीला आज शेल्फवर आहे का, ते एकेक विचारा. असेल तर डिस्क आणि पॅडचा एक जादा सेट त्याच फोनवर मागवा आणि तेवढी रक्कम मालकाकडून कमी करून घ्या. टायर बदलायला द्याल तेव्हा स्वतः शेजारी उभे राहा. ज्या पोराने असं चाक कधी पाहिलेलं नाही तो मशीनचा जबडा सरळ डिस्कवर आवळेल.

व्ही_ट्विन
हे कामाचं बोललात. सोमवारी सकाळी फोन करतो. डिस्क शेल्फवर नसेल तर थांबेन, तेवढं तुमचं ऐकलं. पण जपानी घेणार नाही.

उद्यमनगर
डिस्कची मापं मिळाली तर इकडे पाठवा. मिस्त्रींना दाखवतो.

चाकणवाला
करिझ्मा, ती पिवळी गाडी अजून आहे का?

करिझ्मा_2003
आहे. सोलापूरला, भावाकडे. चालू आहे.