ऊब वाढली की मोहोर लवकर? आंब्याचं उलटं आहे

जपानमधल्या क्योटोच्या चेरीचा दाखला देऊन 'तापमान वाढलं की झाडं लवकर फुलतात' असं म्हटलं जातं. चेरीपुरतं खरं, २०२१ मध्ये तिथे २६ मार्चलाच पूर्ण बहर होता. पण तोच नियम आपल्या मानकुरादला, म्हणजे गोव्याच्या आंब्याला, लावला तर फसायला होईल. आंब्याला मोहोरायला गार रात्री लागतात. थंडीत जुन्या, पक्व पानांमध्ये एक प्रथिन तयार होतं, ते शेंड्याच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे अंकुरापर्यंत, पोचलं की तिथून मोहोर फुटतो. रात्री उबदारच राहिल्या की तोच डोळा पालवी काढून मोकळा होतो.

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या भाटात (बागायतीत) एका वर्षी डिसेंबरभर पंखा लावून झोपलो होतो. जानेवारीत विहिरीकडच्या झाडावर एकाच डहाळीला खाली मोहोराचे तुरे आणि टोकाला तांबूस, लुसलुशीत पालवी! मामा खूश, "झाड जोमात आहे रे." जोमात होतंच, आंबे मात्र टोपलीभरही नाहीत. पुढे फेब्रुवारीत चार गार रात्री पडल्या तेव्हा राहिलेल्या फांद्या मोहोरल्या, पण ती फळं पावसात सापडून किडली. त्यामुळे लवकर की उशिरा एवढंच विचारून भागत नाही, एकाच झाडाचा मोहोर दोन-तीन टप्प्यांत विखुरतो ते जास्त नडतं.