मदत हवी आहे: सीएफएलच्या पावडरमधला टर्बियम काही केल्या विरघळत नाहीये

नमस्कार मंडळी. एमएस्सी (इनऑरगॅनिक) शेवटचं वर्ष. भंगारातल्या सीएफएल आणि ट्यूबच्या आतली पांढरी पावडर घेऊन त्यातून रेअर अर्थ (यिट्रियम, युरोपियम, टर्बियम वगैरे धातू) काढायचे, असा प्रोजेक्ट आहे. पावडर एका परवानाधारक ई-कचरावाल्याकडून मिळाली. पारा काढलेला आहे असं त्यांचं म्हणणं.

तांबडा प्रकाश देणारा भाग (यिट्रियम ऑक्साइड, त्यात थोडा युरोपियम) सहज निघाला. ४ मोलर हायड्रोक्लोरिक, साधारण ७० अंश, वर ढवळणी. गाळून ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घातलं, साका भट्टीत ९०० अंशांना तापवला. लॅबमधल्या यूव्ही (अतिनील) पेटीत २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशाखाली ती पावडर पुन्हा तांबडीलाल चमकते! सर खूश.

घोडं अडलंय पुढे. गाळणकागदावर उरलेला गाळ त्याच पेटीत ठार हिरवा दिसतो. हिरवा प्रकाश टर्बियमचा, म्हणजे टर्बियम तिथेच बसलाय. अ‍ॅसिड तीव्र केलं, जास्त वेळ ठेवलं, ढिम्म हलत नाही. शिवाय ऑक्झॅलेटचा साका हिशेबापेक्षा बराच जास्त भरतो. कॅल्शियम येतंय का? युरोपियम यिट्रियमपासून वेगळा करायला सॉल्व्हेंट एक्स्ट्रॅक्शनशिवाय (द्रावकाने वेगळं काढण्याशिवाय) काही मार्ग? आणि परीक्षक हमखास विचारणार, हे धंद्याला परवडतं का? आयसीपीला (धातूंचं प्रमाण मोजणारं यंत्र) प्रत्येक नमुन्याचे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे अंदाजपंचे करून चालणार नाही.

प्रतिसाद १

हिरवा भाग म्हणजे बहुतेक लॅन्थॅनम फॉस्फेट, त्यात सीरियम आणि टर्बियम. रचना मोनाझाइट या रेअर अर्थच्या खनिजाचीच. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट अलुव्याच्या कारखान्यात १९५२पासून अनेक वर्षं कशाने फोडायचे? कॉस्टिकने. तुम्हीही तेच करा. गाळ सुकवून कॉस्टिक सोड्याबरोबर ४००-५०० अंशांना वितळवा, गरम पाण्याने धुवा. फॉस्फेट पाण्याबरोबर जातं, हायड्रॉक्साइड मागे राहतात, ते हायड्रोक्लोरिकमध्ये उतरतात. तापवताना सीरियम चार संयुजेचा होऊन हट्टाला पेटतो, म्हणून अ‍ॅसिडसोबत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. चिनी मातीचं किंवा प्लॅटिनमचं क्रुसिबल (तापवायची मूस) चुकूनही वापरू नका, कॉस्टिक दोन्ही खातं. निकेलचं घ्या.

गाळ यूव्ही पेटीत ३६५ नॅनोमीटरखालीही बघा. तिथे जे निळं चमकेल ते बेरियम-मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनेट. ते फॉस्फेटहूनही चिवट आणि त्यात युरोपियम थोडासाच. त्याचा नाद सोडा.

कॅल्शियम येणारच. जुन्या जाड ४० वॅटच्या ट्यूबमध्ये हॅलोफॉस्फेट (कॅल्शियमची पावडर) असतं, त्यात रेअर अर्थ औषधालाही नाही. तुमच्या पोत्यात दोन्ही मिसळलेलं दिसतंय. आधी थंड, पातळ अ‍ॅसिडने धुऊन ते काढून टाका. आणि ऑक्झॅलिक घालताना पीएच १च्या आसपास ठेवा. रेअर अर्थ खाली बसतात, कॅल्शियम बरंचसं द्रावणात राहतं.

युरोपियमसाठी जस्त वापरा. ते युरोपियमला तीनवरून दोन संयुजेवर आणतं. मग सल्फेट घातलं की युरोपियम सल्फेट खाली बसतं, यिट्रियम वरच राहतो. हवा लागली की परत तीन, तेव्हा नायट्रोजन सोडत राहा.

एक मात्र कराच. भट्टीत काही घालण्याआधी पाऱ्याची तपासणी करून घ्या. ‘काढलाय म्हणाले’ यावर भट्टी पेटवायची नाही, आणि धुराडं चालू असल्याशिवाय तर नाहीच.

प्रतिसाद २

परवडण्याबद्दल: चीनने २०१०मध्ये निर्यातीला कात्री लावली, २०११मध्ये भाव आभाळाला भिडले. २०१२मध्ये सोल्व्हे या रसायन कंपनीच्या रोडिया या उपकंपनीने फ्रान्समध्ये दिव्यांच्या पावडरीपासून रेअर अर्थ काढायला सुरुवात केली, ला रोशेलमध्ये वेगळे करायचे. भाव कोसळले आणि २०१६मध्ये ते बंद झालं. त्यात एलईडी आले. एलईडीत ही पावडर अगदी नखभर असते, म्हणजे कच्चा माल आटत जाणार. परीक्षकांना सांगा की यिट्रियमवर धंदा उभा राहत नाही, पैसा असलाच तर टर्बियममध्ये. आणि धंद्याच्या दृष्टीने विचाराल तर माझं मत हार्ड डिस्कच्या चुंबकांना: त्यात वजनाच्या साधारण ३० टक्के रेअर अर्थ, मुख्यतः निओडिमियम.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ३६५खाली पाहिलं, कडेला निळे ठिपके आहेत, म्हणजे तुमचं बरोबर. हिरवं मात्र तिथे जवळजवळ दिसत नाही. पाऱ्याचं सरांशी बोललो, नमुना बाहेर पाठवतोय. निकेलचं क्रुसिबल डिपार्टमेंटला नाही. कोल्हापूर-सांगलीकडे कुणाच्या लॅबमध्ये आठवडाभर उसनं मिळेल का? आणि गाळ आणि कॉस्टिकचं प्रमाण वजनाने किती धरू?