एकादशी, दुप्पट खाशी : उपवासाच्या ताटातून खिचडी काढावी का?

कृष्णाकाठ (सांगली)

आषाढी जवळ आली की सांगलीच्या किराणा दुकानांत साबुदाण्याची, शेंगदाण्याची, वरईची पोती पुढे येतात. सकाळी खिचडी, दुपारी वडे, चारला बटाट्याचा कीस, रात्री राजगिऱ्याचे थालीपीठ. एरवी दोनदा जेवणारा माणूस त्या दिवशी चारदा खातो. माझे म्हणणे एवढेच, की एकादशीला हे बंद करावे. पाणी, दूध, ताक, फळे, फार तर उकडलेले रताळे. तासगावचे मूठभर बेदाणे खा, कोण नको म्हणतो?

हे व्रत मुळात तीन दिवसांचे आहे. दशमीला एकभुक्त, म्हणजे एकदाच जेवण, एकादशीला उपोषण आणि रात्री जागर, द्वादशीला वेळेत पारणे. आपण कडेचे दोन्ही दिवस सोडले आणि मधल्या दिवसाचा फराळ केला. वर सांगायचे, "परंपरा आहे". कसली परंपरा? साबुदाण्याचा कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज इकडे येण्याआधी यातले काहीच आपल्याकडे नव्हते. आणि शेंगदाणा तर तूर-मुगाच्याच कुळातला. डाळ चालत नाही आणि कूट वाटीवाटीने चालते!

माणदेशी

कृष्णाकाठ, पंख्याखाली बसणाऱ्याला ताक-बेदाण्यावर दिवस काढता येतो. आषाढात पेरण्या उरकून भांगलण (निंदणी) चालू असते, कार्तिकीला ऊसतोड. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला दोन केळी पुरत नाहीत. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघते, म्हणजे त्या पंधरवड्याची एकादशी चालता चालताच येते. तेव्हा वारकऱ्यांच्या हातावर खिचडी ठेवणाऱ्याचे काय चुकले?

तुम्ही शास्त्र काढलेत म्हणून शास्त्रच सांगतो. व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींचा श्लोक आहे : आपो मूलं फलं पयः, म्हणजे पाणी, मूळ, फळ, दूध. पुढे हवि (होमातले अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, म्हणजे 'मूलं' मध्ये बसतो. अमेरिकेतला कंद असला म्हणून तो धान्य होत नाही. शिवाय आठ वर्षांच्या आतल्यांना आणि ऐंशी ओलांडलेल्यांना हा उपवास नाहीच. अशक्तांना नक्त, म्हणजे रात्री एकदा खाण्याची मुभा आहे. शास्त्र तुमच्याइतके कडक नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

श्लोक बरोबर आहे, पण तो सवलतीचा आहे, जेवणाच्या यादीचा नाही. निभत नसेल तर घ्या, असा त्याचा रोख. कंद उकडून खाणे वेगळे आणि त्याचा स्टार्च काढून, गोळ्या भाजून, त्यात अर्धी वाटी कूट आणि दोन पळ्या तूप घालणे वेगळे.

वाईकर

तुम्ही दोघे ताटावरच भांडताय. खरा घोळ दिवसाचा आणि वेळेचा असतो आणि तो बहुतेक घरांत होतो.

पंचांगात कधी कधी दोन एकादश्या लागोपाठ छापतात, स्मार्त (सर्वसाधारण घरांची) आणि भागवत. नेहमीचे कारण दशमीचा वेध, म्हणजे दशमी एकादशीच्या पहाटेत शिरणे. सूर्योदयाला एकादशी असली की स्मार्तांना साधारणपणे चालते. भागवत संप्रदायाला, म्हणजे वारकऱ्यांनाही, अरुणोदयालाच दशमी संपलेली लागते. अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधी चार घटका, घटका २४ मिनिटांची, एकूण ९६ मिनिटे. समजा सूर्योदय ६:०५ ला आहे, तर अरुणोदय ४:२९ ला. दशमी पहाटे ५ वाजता संपत असेल तर स्मार्तांची एकादशी आज, माळकऱ्यांची उद्या. गळ्यात तुळशीची माळ आणि उपवास स्मार्त, असे घाईत होऊन जाते. याचे सगळे नियम धर्मसिंधूत आहेत. १७९० च्या सुमाराचा हा ग्रंथ पंढरपूरच्याच काशीनाथ उपाध्यायांचा.

दुसरी चूक पारण्याची. सकाळी उठले की चहा-पोहे, झाला उपवास सोडून. द्वादशीचा पहिला चौथा भाग हरिवासर, त्यात सोडायचा नाही. द्वादशी पहाटे ४ ला लागून दुसऱ्या पहाटे ३ ला संपत असेल तर ती २३ तासांची, तिचा चौथा भाग पावणेसहा तास. म्हणजे ९:४५ नंतर पारणे. उलट द्वादशी सकाळी ७ लाच संपत असेल तर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसू नये. तुळशीपत्र घालून तीर्थ घ्यावे, पारणे झाले. जेवण मग सावकाश. अंबरीष राजाने पाहुणे दुर्वास ऋषी यायचे राहिले आणि द्वादशी संपत आली म्हणून नुसत्या पाण्यावर पारणे केले, ते याच अडचणीत.

आणि तुळस द्वादशीला तोडत नाहीत. पाने आदल्या दिवशीच काढून ठेवा. हे हटकून विसरते.

गणपतीपेठ

वरईवर कोणीच बोलेना. आमच्या भागात बऱ्याच माळकरी घरांत एकादशीला वरई (भगर) चालत नाही. शिवरात्र, चतुर्थीला चालते. कारण साधे, ते तृणधान्य आहे. डोंगरउतारावर नाचणीच्या शेजारीच वरी पिकते. नाचणीची भाकरी वर्ज्य आणि वरीचा भात चालतो, याला कारण काय? साबुदाण्याच्या नावाने ओरडणाऱ्यांनी आधी हे बघावे.

खाणाऱ्यांसाठी वेगळे सांगतो : भगरीचे सुटे पीठ विकत घेऊ नका. महाशिवरात्र-नवरात्रात विषबाधेच्या बातम्या येतात, त्यात बहुधा भगर किंवा तिचे पीठ असते. दमट हवेत पिठाला लवकर बुरशी धरते आणि तिचे विष शिजवून जात नाही. उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणे ही लक्षणे. अख्खे दाणे आणा, निवडा, धुऊन कडक वाळवा आणि लागेल तेवढेच घरी दळा. कुबट वास आला की टाकून द्या, वाया गेले म्हणून हळहळू नका.

माणदेशी

वरईचे मान्य. आता खिचडीची बदनामी का होते तेही ऐका. ती नीट होत नाही म्हणून पोटात दगडासारखी बसते. साबुदाणा पांढरे पाणी जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा, मग दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढेच पाणी ठेवून चार-पाच तास झाका. दाणा चिमटीत पूर्ण चुरडला पाहिजे, आत कणी लागता कामा नये. पाणी जास्त झाले तर कढईत गोळा होणार. कूट, मीठ, साखर कोरड्या दाण्यांना आधीच चोळा, दाणे सुटे राहतात. तूप-जिऱ्याच्या फोडणीत मंद आचेवर पाच-सहा मिनिटे, दाणा पारदर्शक दिसला की उतरवा. पाण्याचा हबका नको. हळदही नको, हळदीच्या सांगलीत खिचडी पांढरीच असते, हे एक बरे आहे.

औषधदुकान (कराड)

आकडे सांगतो, बाजू तुम्ही ठरवा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी आणि ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट, प्रथिने नावालाच. कूट घातल्याने थोडी भर पडते इतकेच. मधुमेह असेल तर दोन्ही टोके वाईट. वाटीभर खिचडीने साखर चढते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी नेहमीसारखी घेऊन निर्जळ राहिले तर ती धोकादायक खाली येते. डोस परस्पर बदलू नका, दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या गोळीसाठी घोटभर पाणी प्यायला उपवास मोडतो का, असे विचारतात. वरच्या श्लोकात पाणीही आहे आणि औषधही.

कृष्णाकाठ (सांगली)

वाईकर, पारण्याचे गणित या चर्चेच्या धाग्यात सर्वांत वर हलवायला हवे, माझ्या मुद्द्याहून ते कामाचे आहे. माणदेशी, भांगलणीच्या बाईला खिचडी सोडा असे मी म्हणणार नाही, तेवढे मागे घेतो. पण भांगलण न करणारे दुपारचे वडे कोणत्या कलमाखाली खातात? वडा तळताना ते 'मूलं' उरत नाही.

माणदेशी

वड्यांची बाजू मी घेतलीच नव्हती. खिचडी मात्र राहील, सकाळी एकदाच. आणि कंदी पेढ्याचे काय? तो दुधाचा आहे, साताऱ्याचा आहे, आणि श्लोकात 'पयः' आहे.

वाईकर

एक पेढा पयः, पाव किलोचा पुडा म्हणजे फराळ.